होकायंत्राची सुई काय सांगते?

लष्कर भागातील एखाद्या मोकळ्या मैदानात उभे राहून, जवळपास लोखंड नाही अशी खात्री करून, विद्यार्थ्याने होकायंत्र तळहातावर आडवे धरले, तर त्याची सुई थोडी थरथरते, इकडेतिकडे झुलते आणि अखेर ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बाजूस तोंड करून स्थिर होते. अर्थात् किल्ल्याने तिला बोलावलेले नसते. लष्कर हे किल्ल्याच्या दक्षिणेस वसलेले म्हणून तसे दिसते, एवढेच. तेच होकायंत्र नाशिकच्या गोदाकाठी नेले किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरात नेले, तरी सुई उत्तरच दाखवील. तिला हे कोण शिकवते? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगातील फार मोठमोठ्या बुद्धिमंतांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. आणि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या कुलाब्यास आणि नंतर अलिबागेस, लिहिला गेला आहे.

प्रथम लोहचुंबकाच्या गुणधर्मांचा विचार करू. मॅग्नेटाइट नावाचे लोखंडाचे एक काळे खनिज निसर्गात सापडते. त्याचे काही तुकडे जात्याच लोखंडाला ओढून घेतात. हाच मनुष्याला प्रथम माहीत झालेला चुंबक. आज बाजारात मिळणारे चुंबक पोलादाचे किंवा विशेष मिश्रणांचे, कारखान्यात तयार केलेले असतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगातून चुंबक फिरवून बाहेर काढला, तर पुष्कळदा त्याला बारीक काळे कण मिशांसारखे चिकटलेले दिसतात. हे बहुधा त्याच खनिजाचे कण होत.

चुंबक सर्वच धातूंना ओढतो अशी समजूत लहान मुलांत आढळते. ती बरोबर नाही. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे धातू व त्यांची काही मिश्रणे तेवढी त्याच्याकडे जोराने खेचली जातात. तांब्याचा गडू, पितळेची समई, ॲल्युमिनियमचे पातेले, चांदीची वाटी यांना त्याचे जणू काहीच सोयरसुतक नसते. स्वयंपाकघरातील स्टीलच्या भांड्यांची गंमत तर अशी की, त्यांपैकी काही चुंबकास चिकटतात आणि काही चिकटत नाहीत. दोन्ही दिसण्यात सारखी. परंतु पोलादातील निकेलचे व क्रोमियमचे प्रमाण वेगळे असल्याने आतील अणूंची मांडणी वेगळी होते आणि त्यामुळे चुंबकाला मिळणारे उत्तरही वेगळे येते.

चुंबकाची पट्टी लोखंडाच्या किसात बुडवून वर काढली, तर कीस दोन्ही टोकांना दाट चिकटतो आणि मधोमध जवळजवळ मुळीच चिकटत नाही. या टोकांजवळच्या भागांना ध्रुव असे म्हणतात. पट्टी दोऱ्याने मध्यावर बांधून टांगली, तर तिचे एक टोक उत्तरेस व दुसरे दक्षिणेस वळते. उत्तरेस वळणारे टोक हा त्या पट्टीचा उत्तर ध्रुव आणि दक्षिणेस वळणारे टोक हा दक्षिण ध्रुव. पिएर द मारिकूर नावाच्या फ्रेंच विद्वानाने १२६९ साली लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात ध्रुवांची ही कल्पना प्रथम व्यवस्थित मांडली. दोन चुंबकांचे सजातीय ध्रुव, म्हणजे उत्तर व उत्तर किंवा दक्षिण व दक्षिण, परस्परांना दूर लोटतात. विजातीय ध्रुव परस्परांना ओढतात.

येथे विद्यार्थ्यांच्या बुद्धीला चालना देणारे एक कोडे सांगण्याजोगे आहे. दोन पट्ट्या हुबेहूब सारख्या दिसतात. एक चुंबक आहे, दुसरी साधे लोखंड आहे. तिसरी कोणतीही वस्तू न वापरता चुंबक कोणता हे कसे ओळखावे? नुसती टोकाला टोके लावून भागत नाही. कारण चुंबक लोखंडाला ओढतो आणि त्याच जोराने लोखंडही चुंबकाला ओढते. यावर उपाय असा की, एका पट्टीचे टोक दुसरीच्या मध्यभागी लावावे. ते जोराने चिकटले, तर ज्या पट्टीचे टोक लावले ती चुंबक; कारण चुंबकाचे बळ टोकाशी असते. ते चिकटले नाही, तर मध्य ज्या पट्टीचा तीच चुंबक; कारण चुंबकाचा मध्य दुबळा असतो. यावरून दुसरा एक नियम ध्यानात ठेवावा. आकर्षण हा चुंबकत्वाचा पक्का पुरावा नव्हे. दोन वस्तूंनी एकमेकींना दूर लोटले, तरच त्या दोन्ही चुंबक आहेत असे निश्चित म्हणता येते.

चुंबकाचे मधोमध दोन तुकडे केले, तर एका हाती उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या हाती दक्षिण ध्रुव येईल असे वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. प्रत्येक तुकड्याला आपापले दोन ध्रुव असतात. चाराचे आठ तुकडे केले तरी तोच प्रकार. याचे कारण असे की, लोखंडाचा प्रत्येक अणू हाच मुळी एक सूक्ष्म चुंबक आहे. साध्या लोखंडात अशा अणूंचे लहान लहान गट असतात. एका गटातील सारे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात. परंतु निरनिराळ्या गटांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असल्याने एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. जत्रेतील गर्दीत प्रत्येक जण चालत असतो, पण गर्दी कोठेच जात नाही, तसे हे आहे. त्या गर्दीची जर पलटण झाली, सर्वांनी एकाच दिशेने पाऊल टाकले, तर ते लोखंड चुंबक होते. म्हणूनच चुंबक जमिनीवर आपटला, ठोकला किंवा तापवला तर त्याची शक्ती क्षीण होते, कारण पलटणीची शिस्त मोडते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले म्हणजे त्याचे चुंबकत्व समूळ नाहीसे होते.

घरच्या घरी चुंबक करून पाहणे कठीण नाही. शिवणकामाची सुई घ्यावी आणि पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव तिच्या नाकापासून टोकापर्यंत, एकाच दिशेने, तीसचाळीस वेळा घासावा. परत नेताना चुंबक उचलून न्यावा. मागेपुढे घासू नये. मग बुचाच्या पातळ चकतीवर ती सुई आडवी ठेवून चकती काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातील पाण्यावर तरंगत सोडावी. सुई हळूहळू फिरून दक्षिणोत्तर होईल. तिचे अणकुचीदार टोक दक्षिणेस राहील. कारण उत्तर ध्रुव ज्या टोकावरून शेवटी उचलला जातो, ते टोक दक्षिण ध्रुव बनते.

आता अधिक सूक्ष्म विचाराकडे वळू. चुंबक लोखंडाला स्पर्श न करताच ओढतो. मधली जागा तर रिकामी दिसते. मग ओढ पोहोचते कशी? पट्टीचुंबकावर जाड कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरावा आणि कागदाला टिचकी मारावी. कीस आपोआप सुंदर वक्र रेषांत रचला जातो. एका ध्रुवाकडून निघालेल्या रेषा बाहेरून वळसा घेऊन दुसऱ्या ध्रुवाला मिळतात. प्रत्येक कण चुंबकाच्या प्रभावाखाली स्वतःच एक चिमुकली चुंबकसूची बनलेला असतो आणि आपल्या जागी जी दिशा योग्य ती धरून पडतो. चुंबकाभोवतीच्या ज्या जागेत त्याचा प्रभाव जाणवतो, तिला चुंबकीय क्षेत्र म्हणतात आणि त्या रेषांना बलरेषा. ही कल्पना इंग्लंडच्या मायकेल फॅरडेने रूढ केली. तो लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करता करता तो ती पुस्तके वाचू लागला. उच्च गणिताचे शिक्षण त्याला मिळाले नव्हते, परंतु डोळ्यांपुढे या रेषा पाहण्याची शक्ती त्याच्यापाशी होती.

बलरेषा म्हणजे हवेत ताणलेले दोरे नव्हेत, हे मात्र विसरू नये. नकाशावरील अक्षांश-रेखांश जमिनीवर कोणी आखलेले नसतात, तरी त्यांच्यावाचून गलबत चालत नाही. तशाच या रेषा. रेषेच्या कोणत्याही बिंदूवर चुंबकसूची ठेवली, तर ती त्या रेषेच्या दिशेने उभी राहते. रेषा जेथे दाट, तेथे क्षेत्र बलवान. जेथे विरळ, तेथे दुबळे. दोन रेषा एकमेकींना कधी छेदत नाहीत. छेदल्या तर त्या बिंदूवर सुईने दोन दिशा दाखवल्या पाहिजेत, आणि एका सुईला ते शक्य नाही. अंतराबरोबर हा प्रभाव झपाट्याने कमी होतो. लहान चुंबकापासूनचे अंतर दुप्पट केले, तर त्याचा प्रभाव निम्मा न होता सुमारे आठव्या हिश्श्यावर येतो. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक धाडसी सिद्धान्त मांडला. त्याने चुंबकी दगडाचा एक गोल घडवला, त्यावर लहान सुया फिरवून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला की, आपली पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे. तोवर कोणी ध्रुवताऱ्याला सुईच्या वळण्याचे श्रेय देत, तर कोणी उत्तरेकडील काल्पनिक लोहपर्वताला. गिल्बर्टने ते कारण पायाखाली आणून ठेवले. विजातीय ध्रुव आकर्षतात या नियमाने पाहता, सुईच्या उत्तर ध्रुवाला ओढणारा, पृथ्वीच्या उत्तर भागातील चुंबकीय ध्रुव हा जातीने दक्षिण ध्रुवच ठरतो. परीक्षेत या प्रश्नावर पुष्कळांची फसगत होते. ती नावांची गफलत आहे, निसर्गाची नव्हे.

पृथ्वीच्या पोटात मात्र पट्टीचुंबक पुरलेला नाही. तेथील उष्णता इतकी भयंकर आहे की, कोणताही कायम चुंबक तेथे टिकणार नाही. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा व निकेलचा महासागर आहे. त्याच्या घुसळणीतून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांतून पृथ्वीचे चुंबकत्व. विजेतून चुंबकत्व निर्माण होते हा शोध डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन अर्स्टेड याचा. १८२० साली त्याला असे आढळले की, तारेतून वीज सोडताच जवळची चुंबकसूची वळते आणि प्रवाह बंद करताच परत जागेवर येते. लोखंडी खिळ्याभोवती रोगण लावलेली तांब्याची तार गुंडाळून तिची टोके बॅटरीच्या घटाला थोडा वेळ जोडली, तर खिळा टाचण्या उचलू लागतो. विजेची घंटा, मोटार, भंगार उचलणारी यारी, टेलिफोनचा कर्णा आणि हे भाषण ज्यातून ऐकू येते तो रेडिओचा ध्वनिक्षेपक, या सर्वांत हेच तत्त्व काम करते. जेथे विद्युत्प्रवाह, तेथे चुंबकीय क्षेत्र, हे सूत्र विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावे. यापुढील सारी हकीकत त्यावर उभी आहे.

होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर आणि भूगोलाची खरी उत्तर यांत थोडा फरक असतो. त्याला दिक्पात म्हणतात. ग्वाल्हेरला हा फरक सध्या अल्प, एका अंशाच्या आसपास आहे. जगात काही ठिकाणी तो वीस अंशांहूनही मोठा असतो. शिवाय सुई वरखाली फिरण्यास मोकळी ठेवली, तर ती उत्तर गोलार्धात नाक खाली करून जमिनीत डोकावते. हा कल म्हणजे नति. भारताच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीच्या बाजूस, सुई जवळजवळ आडवी राहते. अलिबागेस ती २५ अंशांहून थोडी अधिक कलते आणि ग्वाल्हेरला सुमारे ४० अंश. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेस येणारा प्रवासी नुसत्या सुईच्या कलावरून आपण किती वर आलो याचा अदमास घेऊ शकतो.

हे सारे कोन व बल कायमचे ठरलेले असते, तर एकदा मोजून वहीत लिहून ठेवले म्हणजे काम संपले असते. परंतु ते क्षणोक्षणी बदलतात. दिवसा एक, रात्री एक. आज एक, शंभर वर्षांनी भलतेच. म्हणून जगात ठिकठिकाणी चुंबकीय वेधशाळा उभारून अखंड वेध घेण्याची निकड एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना भासली. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा स्थापन केली होती. तेथे १८४१ पासून चुंबकीय वेध सुरू झाले. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार हे त्यावर देखरेख करीत. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या आरंभीच्या दिवसांत वेधशाळेचा कारभार पाहणाऱ्यांत ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर होते, आणि पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात दरमहा ५० रुपयांवर तेथे हवामानाचे व चुंबकत्वाचे वेध घेण्यास राहिले होते. लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, तेच हे केरूनाना.

त्या काळी आपोआप नोंद करणारी यंत्रे कुलाब्यास नव्हती. धाग्याने टांगलेला चुंबक, त्याला जोडलेला लहानसा आरसा, दूर ठेवलेली मापपट्टी आणि तिचे आरशातील प्रतिबिंब वाचण्यासाठी दुर्बीण, अशी सामग्री असे. चुंबक तसूभर हलला, तरी आरशातील अंक बदलत. वेध घेणारा मनुष्य ठरल्या वेळी दुर्बिणीस डोळा लावी, अंक वाची आणि वहीत लिही. तासामागून तास, दिवस आणि रात्र, मुंबईचा पाऊस असो वा वैशाखाचा उकाडा, हे काम चाले. त्यात कीर्ती नव्हती आणि नवा शोध लागल्याचा आनंदही सहसा नव्हता. नुसते आकडे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांची आकृती काढत होता. एकाएकी त्या डागांवर दोन ठिकाणी डोळे दिपवणारा प्रकाश झळकला आणि काही मिनिटांत मावळला. पुरते अठरा तासही उलटले नाहीत तोच पृथ्वीवरील साऱ्या चुंबकसूची सैरभैर झाल्या. ध्रुवप्रदेशात दिसणारा आकाशातील रंगीत प्रकाश क्यूबा बेटापर्यंत दिसला. अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांत इतकी वीज आपोआप खेळू लागली की, काही तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या त्या आकाशीच्या विजेवर संदेश पाठवले. युरोपातील ज्या वेधशाळांत नोंदी घेणारी यंत्रे होती, तेथील रेघा कागदाच्या बाहेर गेल्या. वादळ किती मोठे, हे मोजण्यापूर्वीच मोजपट्टी संपली.

कुलाब्यास त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ होती. तेथील वेध घेणाऱ्यांनी सुई भलतीकडे धावताना पाहिली आणि नेमाप्रमाणे पुढच्या तासाची वाट न पाहता पंधरा पंधरा, पाच पाच मिनिटांनी अंक टिपण्यास आरंभ केला. सूर्यावर काय घडले याची त्यांना वार्ताही नव्हती. यंत्र बिघडले असे म्हणून ते गप्प बसले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी लिहून ठेवले, आणि क्षेत्राचे क्षितिजसमांतर बल थोड्या वेळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद झाली. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे लहान माप होय. मुंबई-अलिबागकडे हे बल सामान्यतः ३८ हजारांच्या आसपास असते. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाचे बल तेथे काही काळ शेकडा चारांनी उणे झाले होते. इतर दिवशी हा चढउतार जेमतेम काही दशकांचा असतो.

हे का घडले, त्याचे उत्तर अर्स्टेडच्या सूत्रात आहे. सूर्यावरून उसळलेला विद्युत्भारित कणांचा लोट पृथ्वीपाशी येऊन थडकला, की त्यातील शक्तीने पृथ्वीभोवती, भूमीपासून हजारो किलोमीटर उंचीवर, विजेचा एक विशाल प्रवाह कड्यासारखा फिरू लागतो. त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि विषुववृत्ताच्या आसपास ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेस असते. म्हणून कुलाब्याच्या सुईवरील बळ घटले. याला चुंबकीय वादळ असे नाव आहे. विषुववृत्तापासून फार दूर नाही अशा जागी या कड्याचा परिणाम स्वच्छ दिसतो; कुलाबा नेमके तशा जागी होते. ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी २००३ साली त्या जुन्या वह्यांतील आकडे जगापुढे मांडले, तेव्हा १८५९ च्या वादळाची थोरवी मोजण्यास हाती असलेला हा अत्यंत मोलाचा पुरावा ठरला. सर्वांत खालचा तो आकडा थोडाच वेळ टिकला. तासाची सरासरी घेतली तर घट बरीच कमी भरते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. परंतु ही चर्चा तरी शक्य झाली ती कोणीतरी पाच पाच मिनिटांनी आकडे लिहून ठेवले म्हणूनच.

विसाव्या शतकाच्या आरंभी या वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. ते आकाशातून आले नव्हते. मुंबईच्या रस्त्यांवरून येणार होते. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचा बेत ठरला. शहराच्या दृष्टीने ही इष्टच गोष्ट होती. परंतु ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत झिरपतो, आणि जेथे विद्युत्प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र. प्रत्येक गाडी निघाली-थांबली की कुलाब्याची सुई हलणार, आणि ती हालचाल सूर्याची की ट्रामची हे ओळखता येणार नाही. शहराने गती सोडावी की शास्त्राने अर्ध्या शतकाची अखंड नोंद सोडावी?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी दोन्हींचा मान राखणारा मार्ग काढला. खाडीपलीकडे, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर असलेले अलिबाग त्यांनी निवडले. तेथे नवी वेधशाळा बांधताना पोरबंदरचा दगड आणवला. कारण कोकणातील काळ्या दगडात चुंबकी खनिजाचे कण असतात. बांधकामात लोखंडाचा खिळा किंवा बिजागरी येऊ दिली नाही. त्या जागी तांबे, पितळ व लाकूड वापरले. १९०४ पासून अलिबागेस वेध सुरू झाले. एवढ्यावर मूस थांबले नाहीत. जागा बदलली की आकडेही थोडे बदलणार; मग जुनी मालिका नवीस कशी जोडावी? त्यासाठी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले आणि दोहोंतील फरक निश्चित केला. नंतरच कुलाब्याचे काम बंद केले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा सुई सुखरूप अलिबागेस पोहोचलेली होती. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्या विषयात ते आजही आदराने पाहिले जाते.

ज्या ट्रामसाठी सुई हलवावी लागली, ती ट्राम १९६४ साली मुंबईतून नाहीशी झाली. अलिबागचे वेध मात्र चालू आहेत. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आधिपत्याखाली आहे. संस्थेचे मुख्य ठाणे नव्या पनवेलला असून नागपूर, तिरुनेलवेली, जयपूर अशा अनेक ठिकाणी तिच्या वेधशाळा आहेत. एके काळी ग्वाल्हेर संस्थानात मोडणाऱ्या उज्जैनीचाही त्यांत समावेश होतो. म्हणजे काळगणनेसाठी जी नगरी प्राचीन काळापासून प्रसिद्ध, तेथेही आता पृथ्वीच्या चुंबकाची नाडी पाहिली जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज काही क्षणांत गेली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ते वादळ १८५९ च्या मानाने लहानच होते. मे २०२४ मधील वादळात लडाखच्या आकाशात लाल आभा दिसली. ते दृश्य मनोहर असले, तरी उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांना ती सावधगिरीची रात्र होती. १८५९ साली तारायंत्रापलीकडे बिघडण्यासारखे थोडेच होते. आज रुग्णालये, रेल्वे, पाणीपुरवठा, बँका सर्व काही विजेच्या तारांवर आणि उपग्रहांवर अवलंबून आहे. तसे वादळ पुन्हा आले, तर त्याचा जोर किती असू शकेल याचा अंदाज बांधताना अभियंत्यांना कुलाब्याच्या त्या वह्याच उघडाव्या लागतात.

भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. योगायोग असा की, कुलाब्याच्या त्या नोंदीचा तोच दिवस. या यानावर चुंबकमापक आहेत. आणि ते यानाच्या अंगाला न लावता सहा मीटर लांबीच्या एका दांड्यावर, एक तीन मीटरांवर व दुसरा टोकाशी, असे बसवले आहेत. कारण यानातील विद्युत्प्रवाहांचेही चुंबकीय क्षेत्र असते आणि अंतर वाढले की ते झपाट्याने दुबळे होते. मूस यांनी ट्रामपासून सुई दूर नेली; आजच्या शास्त्रज्ञांनी यानापासून मापक दूर नेला. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले.

विद्यार्थ्यांनी यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, पाठ्यपुस्तकातील चार ओळींचा नियम हा निर्जीव नसतो; खिळ्याभोवतीची तार, मुंबईची ट्राम आणि पृथ्वीभोवतीचे विजेचे कडे यांना एकच नियम लागू पडतो. दुसरी गोष्ट प्रयोगवहीसंबंधी आहे. आलेला अंक अपेक्षेप्रमाणे नसला, की तो खोडून शेजारच्या मुलाचा अंक लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. कुलाब्याच्या वेध घेणाऱ्यांनी त्या शुक्रवारी सकाळी असा एक अंक जरी ‘सुधारला’ असता, तरी जगाचे एक ज्ञान कायमचे हरपले असते. दिसले ते, दिसले त्या वेळी, जसेच्या तसे लिहावे. त्याचा अर्थ आज कळला नाही तरी चालेल. तो कोणाला, केव्हा आणि किती उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.